कात्री, जामीन आणि जप्ती: सेन्सॉरशिप आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेन्सॉरशिप म्हणजे नेमकं काय?

छापण्याआधी, दाखवण्याआधी किंवा बोलण्याआधी मजकूर कोणातरी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणं आणि त्याने "हे चालेल, हे नाही" असं ठरवणं, हा त्याचा कडक अर्थ. आपण बोलताना हा शब्द फार सैल वापरतो. पुस्तकावर बंदी आली, संपादकावर खटला झाला, जमावाने नाटक बंद पाडलं, मालकाच्या फोनवरून बातमी मागे घेतली, या सगळ्यालाच आपण सेन्सॉरशिप म्हणतो. तसं म्हणणं चूक नाही, पण या गोष्टी एकसारख्या नाहीत. त्यांतला फरक कळला नाही तर इतिहासही नीट कळत नाही. म्हणून पुढच्या उत्तरांत तो फरक पुन्हा पुन्हा येईल.

मराठीत याला शब्द आहे का?

सरकारी मराठीत "अभ्यवेक्षण" आहे. तो सरकारी कागदाबाहेर फारसा गेला नाही. नाटकवाल्यांना "परिनिरीक्षण" माहीत आहे, कारण त्या नावाच्या मंडळाशी त्यांची गाठ पडते. "प्रसिद्धीपूर्व तपासणी" हा सर्वांत समजणारा शब्द, पण लांबलचक. लोकांनी स्वतः घडवलेला शब्द मात्र झकास आहे: मुस्कटदाबी. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरच्या १८७८ च्या कायद्याला मुस्कटदाबीचा कायदा असंच म्हटलं गेलं आणि आजही अग्रलेखांत तो शब्द ताजा वाटतो.

आणि "सेन्सॉर" कुठून आला?

प्राचीन रोममधून. तिथे सेन्सॉर नावाचे दोन अधिकारी असत. त्यांचं काम नागरिकांची शिरगणती करणं आणि त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणं. छापखाना यायला तेव्हा अजून दीड-दोन हजार वर्षं होती.

भारतात वृत्तपत्रांवर पहिला बडगा कधी उगारला गेला?

पहिलं वृत्तपत्र निघालं आणि लगेचच. जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात आपलं इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या मंडळींची लफडी छापली, तुरुंगात गेला, तिथूनही पत्र चालवलं. १७८२ मध्ये त्याचा छापखानाच जप्त झाला. म्हणजे आपल्याकडच्या वृत्तपत्रांचं आणि जप्तीचं वय यांत जेमतेम दोन वर्षांचं अंतर आहे.

नियम मात्र नंतर आले. १७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने टिपूशी आणि फ्रेंचांशी चाललेल्या लढाईचं कारण देऊन प्रत्येक अंक आधी सरकारी सचिवाला दाखवण्याची सक्ती केली. ही खरीखुरी, कडक अर्थाची सेन्सॉरशिप. ती १८१८ पर्यंत टिकली. १८२३ मध्ये परवान्याची सक्ती आली. तिच्या निषेधार्थ राममोहन रॉय यांनी आपलं फारसी पत्र बंद केलं. १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफने ते निर्बंध उठवले. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं, म्हणजे त्याच्याही तीन वर्षं आधीचं. पत्रकार दिनाच्या भाषणांत बाळशास्त्रींची विद्वत्ता येते. त्यांनी कोणत्या कायदेशीर हवामानात पत्र काढलं, हे फारसं येत नाही.

१८७८ चा कायदा देशी भाषांपुरताच का होता?

कारण इंग्रजी पत्रं कोण वाचतं हे सरकारला ठाऊक होतं आणि मराठी, बंगाली, हिंदी पत्रं कोण वाचतं याची त्याला धास्ती होती. व्हाइसरॉय लिटनच्या मंडळाने तो कायदा १४ मार्च १८७८ रोजी एका बैठकीत उरकला. मॅजिस्ट्रेटने मुद्रक-प्रकाशकाला बोलावून जातमुचलका लिहून घ्यायचा, अनामत मागायची, पुन्हा आक्षेपार्ह छापलं तर यंत्रसामग्री जप्त करायची. न्यायालयात अपील नाही. कलकत्त्याची 'अमृत बाजार पत्रिका' या कायद्यातून सुटण्यासाठी एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंत बंगालीतून पूर्ण इंग्रजी झाली.

१८८२ मध्ये, पुढचा व्हाइसरॉय रिपन याच्या काळात हा कायदा गेला. एक बारीक गोष्ट: 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला तेव्हा हा कायदा अजून लागू होता. त्याच्या जोडीचा 'मराठा' इंग्रजीत काढण्यात दोन वेगवेगळे वाचकवर्ग गाठण्याचा हेतू होताच, पण दोन भाषांना दोन कायदे लागू असण्याचा तो काळ होता, हेही लक्षात ठेवावं.

याच लिटनच्या पुण्यातल्या स्वागतासाठी नगरपालिकेने १००० रुपये खर्चायचं ठरवलं तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. तो पैसा शाळांना द्या, असं त्यांचं म्हणणं.

सरकारला मराठीत काय छापलं जातंय हे कळायचं कसं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. मला तो सगळ्यांत रंजक वाटतो. मुंबई सरकारकडे ओरिएंटल ट्रान्सलेटर नावाचं कार्यालय होतं. तिथे मराठी, गुजराती, कानडी वगैरे पत्रं वाचली जात, त्यांतला निवडक मजकूर इंग्रजीत उतरवला जाई आणि त्याचा गोपनीय साप्ताहिक अहवाल अधिकाऱ्यांकडे जाई. वाचणारे आपलेच लोक. पगारापुरती का होईना, पण त्या काळात मराठी पत्रं इतक्या बारकाईने दुसरं कोणी वाचत नसेल.

यातून दोन गमती झाल्या. पहिली: कित्येक छोट्या पत्रांचे अंक आज कुठेच मिळत नाहीत, पण त्यांतला काही मजकूर या अहवालांत इंग्रजीत जिवंत आहे. ज्यांनी नजर ठेवायला म्हणून कात्रणं जमवली त्यांच्यामुळे आजच्या संशोधकांचं काम चालतं.

दुसरी गोष्ट गमतीची कमी आणि गंभीर जास्त. संपादकाला शिक्षा व्हायची ती त्याच्या मराठी लेखावर, पण न्यायाधीश आणि ज्युरीसमोर असायचं ते त्याचं इंग्रजी भाषांतर. वध, खून आणि हत्या यांतला फरक मराठी वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. कीचकाचा वध होतो, शेजाऱ्याचा खून होतो. भाषांतरात तिन्ही एका रांगेत बसले की लेखाचा सगळा झोक बदलतो. टिळकांनी १९०८ च्या खटल्यात सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दाला अडवलं आणि ज्युरीला सांगितलं की तुमच्यासमोरचा लेख मी लिहिलेला लेख नाही. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मराठी मातृभाषेचा एकही नव्हता.

टिळकांना "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" या अग्रलेखाबद्दल शिक्षा झाली ना?

नाही. शाळेपासून मनात बसलेली ही चूक आहे, आणि मथळा इतका जोरदार आहे की ती निघतही नाही. तो अग्रलेख ६ जुलै १८९७ चा. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमानंतर २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर सरकारने शहरावर जो सूड उगवायला घेतला त्याच्यावर तो होता. खटल्यातला आरोप मात्र त्याआधीच्या, १५ जूनच्या अंकावर होता. त्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि "शिवाजीचे उद्गार" ही कविता होती. अफझलखानाच्या वधाचं समर्थन म्हणजे इंग्रजांविरुद्ध चिथावणी, असा सरकारचा युक्तिवाद.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला राजद्रोहाचं कलम १२४अ समजावताना अर्थ असा ताणला की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. ज्युरी ६ विरुद्ध ३ अशी फुटली: सहा युरोपीय एकीकडे, तीन हिंदी दुसरीकडे. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी.

मग १९०८ चं काय?

मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर लिहिलेले लेख. "देशाचे दुर्दैव" हा १२ मेचा, "हे उपाय टिकाऊ नाहीत" हा ९ जूनचा. २४ जूनला मुंबईत अटक. जामिनासाठी महंमद अली जीना उभे राहिले, जामीन मिळाला नाही. न्यायाधीश दिनशा दावर. १८९७ मध्ये हेच दावर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, २१ तासांहून थोडा जास्त वेळ बोलले. ज्युरी ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळं पाणी आणि १००० रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षामागे एकेक दिवस, असे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. कामगारांत अक्षरओळख असलेले थोडेच, पण खोलीतला एक वाचणार आणि दहाजण ऐकणार अशी वृत्तपत्रं तेव्हा चालत. सरकारला भीती होती ती या ऐकणाऱ्यांची.

पण ही सेन्सॉरशिप म्हणायची का? लेख तर छापून आलेच होते.

बरोबर पकडलंत. कायद्याच्या भाषेत ही नंतरची शिक्षा आहे, आधीची तपासणी नाही. इंग्रजांना हा फरक फार प्रिय होता. "आमच्याकडे सेन्सॉर नाही, तुम्ही हवं ते छापा, फक्त परिणामांना तयार राहा," अशी ती भूमिका.

माझं मत विचाराल तर तुरुंग हे त्यांचं सर्वांत दुबळं हत्यार होतं. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाण बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. ती बदनामीची फिर्याद होती आणि ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिलं ती बनावट निघाली, म्हणजे चूक संपादकांचीच. तरी बाहेर आले तेव्हा मिरवणुका निघाल्या आणि 'केसरी' घरोघर पोहोचला. त्या खटल्यात दहा हजारांचा जामीन फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी भरला, हेही सांगितलं पाहिजे, कारण पुढे एका प्रश्नात ते आठवावं लागणार आहे.

खरं हत्यार १९१० च्या प्रेस ॲक्टने आणलं: पैसे. नवा छापखाना काढायचा तर ५०० ते २००० रुपये अनामत. जुन्याने काही आक्षेपार्ह छापलं तर ५००० पर्यंत. ती जप्त झाली की पुन्हा १००० ते १०,०००. दुसऱ्यांदा चुकलात तर छापखानाच सरकारजमा. त्या काळच्या तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकाचा हिशोब डोळ्यांसमोर आणा. एक हातयंत्र, थोडे खिळे, दोन जुळारी, आणि वर्गणी थकवणारे वर्गणीदार. त्याच्याकडे ५०० रुपये मागितले की खटल्याची, ज्युरीची, भाषणाची गरजच उरत नाही. मिरवणूकही निघत नाही. पत्र "काही अडचणींमुळे" बंद होतं आणि वाचक दोन महिन्यांत विसरतात. शिवाय मुद्रकच घाबरतो, म्हणजे संपादकाचा लेख पोलिसाआधी छापखान्याचा मालक तपासतो. तो कायदा १९२२ मध्ये गेला, पण १९३१ मध्ये अनामतीची कल्पना नव्या नावाने परत आली.

लेखकांनी यातून पळवाटा काढल्या असतील ना?

काढल्या, आणि त्यांतून मराठी गद्याला धार आली. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांची वक्रोक्ती या गरजेतून वाढलेली आहे. इंग्रजी राज्याची अशी स्तुती करायची की वाचक हसेल आणि भाषांतरकार अडखळेल. भाषांतरात वक्रोक्ती सरळ होते. उपहास गेला की उरते ती राज्यकर्त्यांची प्रशंसा, आणि प्रशंसेवर खटला कसा भरणार? तरी १९०८ मध्ये तो भरला गेलाच. परांजप्यांना १९ महिने झाले.

दुसरी पळवाट पुराणांची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. प्रेक्षकांना कोणी सांगायची गरज नव्हती: द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, कीचक म्हणजे कर्झन, सौम्य धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल याने हे समीकरण इंग्रज वाचकांना उलगडून सांगितलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतावर बंदी घालण्याची सोय नसल्याने एवढ्यावरच भागलं.

आणखी एक टोकाचं उदाहरण सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथाचं. १९०९ मध्ये तो छापून बाहेर येण्याआधीच हिंदुस्थानात त्याच्यावर बंदी घालून सरकार मोकळं झालं होतं. बंदी उठायला १९४६ उजाडलं.

सिनेमाची कात्री कधीपासून?

१९१८ चा कायदा, आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं. मूकपटांवरही ती चालायची. प्रभातने कोल्हापुरात शिवाजी महाराजांवर चित्रपट काढला, व्ही. शांतारामांनी स्वतः महाराजांची भूमिका केली. नाव ठेवलं 'स्वराज्याचे तोरण'. १९३० च्या सुमारास "स्वराज्य" हा शब्द पोस्टरवर कोण राहू देणार? चित्रपट 'उदयकाल' झाला. १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या चित्रपटाचं नाव 'महात्मा' होतं. नायक सोळाव्या शतकातला, पण सेन्सॉरच्या डोळ्यांपुढे वर्ध्याचा. तो 'धर्मात्मा' म्हणून झळकला.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातून "सेन्सॉर" जाऊन "प्रमाणन" आलं. लोक मात्र अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतात, आणि बातम्या वाचल्या की लोकांचं बरोबर वाटतं. या पूर्वतपासणीला सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात मान्यता दिली. पडद्याचा परिणाम छापील अक्षरापेक्षा जोरकस, हे त्यामागचं कारण.

म्हणजे गळचेपी करणारे इंग्रजच होते?

इथे ती जामिनाची गोष्ट आठवा. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. आंबेडकरांनी पुढे सांगितलं आहे की पैसे देऊनही ती नाकारली गेली, आणि तेव्हा टिळक हयात होते. ज्या पत्राच्या संपादकांसाठी सत्यशोधकांनी जामीन भरला, ज्याने वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी दोनदा तुरुंग पाहिला, त्या पत्रात अस्पृश्यांच्या पाक्षिकाला चार ओळींची जागा नव्हती. यात कायदा कुठेच मोडला गेला नाही. कोणाला बोलू द्यायचं हे कायम सरकारच ठरवतं असं नाही. 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, "काय करूं आतां धरूनिया भीड। नि:शंक हें तोंड वाजविलें॥" ज्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे, त्यांचीच ओळ तिथे असावी हे योग्यच.

दुसरं नाव र. धों. कर्वे. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांवर त्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले ते सनातनी मंडळींच्या तक्रारींवरून. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. वाचक प्रश्न विचारतात, मासिक उत्तर देतं, यात अश्लील काय, हा युक्तिवादाचा गाभा. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. कर्वे मासिक काढत राहिले.

गोव्यात काय परिस्थिती होती?

वेगळी आणि जास्त जाचक. १९२६ नंतर पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली, पुढे सालाझारची राजवट, आणि गोव्यात खरीखुरी पूर्वतपासणी सुरू झाली. सेन्सॉरने पाहिल्याचा शेरा अंकावर असे. गोव्यातल्या जुन्या माणसांच्या आठवणींत लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीला न्याव्या लागत. केप्याहून 'भारत' हे पत्र चालवणारे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी खटल्यांमागून खटले सोसले. शेवटी छापील शब्दाची वाट सोडून आवाजाची वाट निघाली: नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या, मग कॅसलरॉकच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. कोकणी आणि पोर्तुगीजमधल्या त्या बातम्यांना गोवा मुक्त होईपर्यंत, डिसेंबर १९६१ पर्यंत खंड पडला नाही. लाटांना सेन्सॉरचा शिक्का मारता येत नव्हता.

आपल्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्य कुठे आहे?

त्या नावाने कुठेच नाही. कलम १९(१)(अ) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. संविधान सभेत वेगळ्या उल्लेखाची मागणी झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांचं उत्तर होतं की संपादक हाही नागरिकच, तो लिहितो तेव्हा स्वतःचाच हक्क वापरतो, त्याला निराळा हक्क कशाला.

त्याची परीक्षा लगेच झाली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रवेशबंदी केली, आणि दिल्लीत 'ऑर्गनायझर'वर पूर्वतपासणी लादली गेली. एक डावं, एक उजवं. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. वर्षभरात, १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती येऊन निर्बंधांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं दाखल झाली, सोबत "वाजवी" हा शब्दही. तेव्हापासूनचे बहुतेक सगळे वाद या एका शब्दाभोवती फिरतात.

एखाद्या मराठी वृत्तपत्राने सरकारविरुद्ध खटला जिंकला आहे का?

हो, आणि तो देशभर कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो. नानासाहेब परुळेकरांचं पुण्याचं 'सकाळ'. १९६० च्या सरकारी आदेशाने किती पानांच्या अंकाला किमान किती किंमत हे ठरवून दिलं. हेतू लहान पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवण्याचा, ऐकायला चांगला. 'सकाळ' आठवड्याला ३४ पानं ७ नव्या पैशांच्या अंकांतून देत होता. आदेशानुसार एकतर किंमत ८ नवे पैसे करायची किंवा पानं २४ वर आणायची. एका पैशाचा प्रश्न! पण किंमत वाढली की खप घटतो, पानं घटली की मजकूर घटतो. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खप हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे, आणि आदेश रद्द झाला. अनामतीच्या कायद्याची आठवण ठेवून हा निकाल वाचला की त्याचं वजन कळतं.

आणीबाणीत नक्की काय काय झालं?

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूर शाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांची वीज गेली. सकाळी बरेच अंक निघालेच नाहीत. मग पूर्वतपासणीचा आदेश. १८१८ नंतर शांततेच्या काळात एवढ्या व्यापक प्रमाणावर ती आली नव्हती. 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर पुढे कोऱ्या जागेलाही हरकत आली. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त २८ जूनला निधनाची एक छोटी जाहिरात छापून आली. नावं अशी जुळवलेली की मोठ्याने वाचलं तर मृत व्यक्ती "डेमॉक्रसी" निघे. काउंटरवर पैसे भरून दिलेली ती जाहिरात कोणाच्या नजरेत आली नाही.

महाराष्ट्रात दोन गोष्टी विशेष घडल्या. मिनू मसानी यांच्या इंग्रजी मासिकाचे लेख सेन्सॉरने अडवले, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या पत्रांना एकाच वाऱ्याप्रमाणे शिडं फिरवायला लावणं आणि एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती मादन आणि कानिया. साने गुरुजींच्या 'साधना'लाही अंकजप्ती आणि न्यायालय या दोन्ही वाटा चालाव्या लागल्या. दुसरी गोष्ट कराडची. डिसेंबर १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्या मंडपात तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली.

बाकीची मराठी पत्रं? काहींनी आडून लिहिलं, काहींनी वीस कलमी कार्यक्रमाच्या बातम्या जरा जास्तच प्रेमाने छापल्या. जुने अंक चाळले तर ते दिसतं.

नाटकाची संहिता आजही तपासून घ्यावी लागते का?

महाराष्ट्रात हो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोगांचा केंद्रीय कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, पण आपली तपासणी पोलीस कायद्याखालच्या नियमांतून येते, म्हणून ती राहिली. 'सखाराम बाइंडर'चं प्रकरण १९७० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांच्या बाजूने निकाल लागला. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी संहितेच्या पूर्वतपासणीलाच आव्हान दिलं. कादंबरीला, वृत्तपत्राला, भाषणाला पूर्वतपासणी नाही, मग नाटकालाच का, याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

राजद्रोहाचं कलम गेलं म्हणतात, खरं का?

१२४अ हा आकडा गेला. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवलं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात "राजद्रोह" हा शब्द नाही. कलम १५२ आहे: देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारं वक्तव्य, शिक्षा सात वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. जुन्या कलमाला १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने हिंसेच्या चिथावणीची अट घातली होती. नव्याला ती कितपत लागू होते हे न्यायालयं ठरवतील. वृत्तपत्रनोंदणीचा १८६७ चा कायदाही गेला, त्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नवा लागू आहे.

जागतिक क्रमवारीत भारताचा क्रमांक एवढा खाली का?

रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या यादीत १८० देशांत भारत २०२३ मध्ये १६१ वा, २०२४ मध्ये १५९ वा, २०२५ मध्ये १५१ वा होता. सरकार ही क्रमवारी मानत नाही, तिच्या पद्धतीवर आक्षेप घेतं. आकड्यावर भांडण्यापेक्षा त्यामागचे निकष पाहावेत: राजकीय, आर्थिक, कायदेशीर, सामाजिक आणि पत्रकारांची सुरक्षितता. शेवटच्यासाठी लांब जायला नको. मुंबईतले पत्रकार ज्योतिर्मय डे यांना जून २०११ मध्ये पवईत गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या मागणीतून महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा केला. आर्थिक निकष म्हटला की जाहिराती आल्या. तालुक्याच्या पत्राला कोणाच्या जाहिरातींवर जगावं लागतं हे तिथला कोणीही वार्ताहर खाजगीत सांगेल, आणि १९१० च्या अनामतीचा नातू कुठे नांदतो ते कळेल.

समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्याला हे सगळं लागू होतं?

होतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली. एकीने लिहिला होता, दुसरीने पसंती दर्शवली होती. ज्याखाली ही अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

यातलं काही प्रत्यक्ष पाहता येतं का?

मुंबई उच्च न्यायालयात ज्या दालनात १९०८ चा खटला चालला त्याच्या बाहेर संगमरवरी फलक आहे. त्यावर शिक्षा ऐकल्यानंतरचं टिळकांचं वाक्य कोरलेलं आहे, इंग्रजीत, कारण ते बोलले इंग्रजीत. पुण्यात नारायण पेठेत केसरीवाडा आहे, तिथलं संग्रहालय बघता येतं. डोंगरीच्या तुरुंगाच्या जागी आता मुलांचं निरीक्षणगृह आहे, तिथे आत जाता येत नाही.